डॉक्टरसमोर तू सासूच राहिलीस

बेबी,

परवा तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी अनित्यतेवर बोलले, सगळ्यांनी माना हलवल्या. मग गावातली माणसं एकेक करून उठली आणि तुझ्याबद्दल सांगू लागली. कोणी माउली म्हणालं, कोणी सोशिक म्हणालं. "बाईनं कधी हूं की चूं केलं नाही," हे तर ज्यानं त्यानं म्हटलं आणि दर वेळी माझा राग वर आला. तुझ्याशी माझं भांडण तेवढंच तर होतं. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले नाही. माझे शब्द त्या मांडवात बसणारे नव्हते.

इथे मी तुझ्याशी बोलते आहे, पण वाचणार आहेत मित्रा आणि अनुज. ती टोरांटोला, तो सिंगापूरला. तुझी नातवंडं आणि माझीही. ती दोघींची कशी, हे पोरांना पाठ आहे, पण त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी पवनीची सून, तू पवनीची लेक, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तुला आसगावला दिली. तुझा प्रकाश नोकरीला लागला तेव्हा तू भावापुढे पदर पसरून माझी माधुरी मागितलीस. मामाची मुलगी भाच्याला देण्यात आपल्याकडे कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट तो पहिला हक्क. नाही म्हणणारी मी एकटी. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, घरात चार पुस्तकं येत होती, आणि इतक्या जवळच्या रक्तात सोयरीक नको एवढंच माझं म्हणणं होतं. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वहिनी, तुमचं इंग्रजी शाळेत राहू द्या. परक्या घरी गेली तं सासू छळन तिले. माह्या घरी कोण छळन?" सगळे हसले. माझा नवराही हसला. लग्न ठरलं.

तू शब्द पाळलास. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मला मोकळेपणानं बोलता येईल. पहिल्याच आठवड्यात तू तिला बजावलंस, आता आत्या नाही, आई म्हणायचं. तुला लेक नव्हती. तिचं बी.एड. तू पूर्ण करवलंस, पोरं तू सांभाळलीस. रोवणीच्या दिवसांत अख्खं गाव धानाच्या बांधीतल्या चिखलात वाकलेलं असायचं, पण माधुरीला तू कधी उतरू दिलं नाहीस. मास्तरीण आहे, तिचे हात खडूसाठी आहेत, असं तू शेजारणींना सुनवायचीस. मी आई असून तिचे इतके लाड केले नव्हते. म्हणूनच मला इतका राग येतो. तू दुष्ट असतीस तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

आता तुझ्या आईबद्दल. मित्रा, अनुज, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मी लग्न होऊन पवनीला आले तेव्हा माझ्या सासूचे हात पहिल्यांदा पाहिले. चारही बोटं करंगळीकडे कललेली, वाऱ्यानं धान एका अंगाला झुकतं तशी. लुगड्याची गाठ तिला बांधता येत नव्हती. ती मी बांधायची, आणि तू माहेरी आलीस की तू. वेणी तू घालायचीस, घास तू भरवायचीस. लोक वात म्हणायचे आणि एरंडाचं तेल सुचवायचे. माधुरी चालायला लागायच्या आधीच ती गेली. घरात तिचा एक फोटो आहे. त्यात तिनं हात पदराखाली घेतलेले आहेत. पोरांनी फोटो पाहिला, हात कधी पाहिले नाहीत.

तुझी बोटं सुजायला लागली तेव्हा तू म्हणालीस, रोवणीचे हात आहेत. रोवणीनंतर सगळ्याच बायकांचे हात दुखतात, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. पण बाकीच्यांचे हात दिवाळीपर्यंत बरे व्हायचे, तुझे झाले नाहीत. आपण दोघी भंडाऱ्याला गेलो, तिथून नागपूरला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला आमवात म्हणतात. शरीराचे पहारेकरी आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात, असा तो आजार. बाहेर पडताना तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. आपण दोघींनी एकच हात आठवला. तू म्हणालीस, "मायचंच आलं हे." हे वाक्य तू माझ्याशी एकदाच बोललीस. पुढे जन्मभर ते तू नाकारलंस, पण ते मी ऐकलेलं आहे.

अनुजच्या जन्मानंतर माधुरीचे हात आखडायला लागले. मी बाळाला बघायला आले होते, त्या सकाळची गोष्ट. तू आधी उठून घमेल्यात पाणी गरम केलंस आणि तिला बोलावलंस. तुम्ही दोघी घमेल्याच्या दोन बाजूंना बसलात आणि एकाच पाण्यात चार हात सोडलेत. बोटं हलायला लागल्यावर तू तिचे केस विंचरलेस. तुला स्वतःला फणी धड धरता येत नव्हती. तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तुमच्यात जे होतं त्यात मला वाटा नव्हता, हेही मी मान्य करते. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. ती पुटपुटली ते मला ऐकू आलं. सासूलेही अन् सुनेलेही, म्हणजे घरच बाधलं.

घर. सासू आणि सून म्हटलं की रक्त वेगळं, कूळ वेगळं. दोघींना एकच रोग झाला तर दोष घराचा, नाहीतर विहिरीचा. गावानं हे मानलं, त्यात त्यांची चूक नाही. लेकीचं आडनाव बदललं की तिचं माहेरचं रक्तही बदलतं, असंच आपण वागत आलो. पण तुला तर ठाऊक होतं. माधुरी चिखलात उतरलीच नव्हती, म्हणून रोवणीवर ढकलता येत नव्हतं, तेव्हा तू विहीर उचलून धरलीस. पाणी जड आहे म्हणालीस. विहिरीवर फळ्या ठोकल्यास, नळ घेतलास. आलेल्या-गेलेल्याला ती बंद विहीर दाखवायचीस. माधुरीनंही तेच धरलं. पोरांना नागपूरला होस्टेलवर ठेवलं त्यामागे शाळा होतीच, पण विहीरही होती. मित्रा, तू लहानपणी मला सांगितलं होतंस, आम्ही ते पाणी पीत नाही, आम्हाला काही होणार नाही. मी तुला तेव्हाच सांगू लागले तर बेबी मधे पडली. म्हणाली, लेकराले काहून भेववता?

आणि ती डॉक्टरची गोष्ट, अनुज अजून तान्हा असतानाची. मी तिथे नव्हते. माधुरीनं ती मला नंतर सांगितली, स्वयंपाक करता करता, सहज, जणू काही झालंच नाही अशी.

बेबी, तू तिला नागपूरला घेऊन गेलीस. तुझा डॉक्टर नव्हे, दुसरा, कोणीतरी सुचवलेला. त्यानं तिची बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, घरात कोणाला असा त्रास आहे का? माधुरी म्हणाली, सासूबाईंना आहे. तो हसला. सासूचं चालत नाही हो, रक्ताच्या नात्यात कोणाला? आईला नाही, वडिलांना नाही, माधुरी म्हणाली. ते खरंच होतं. मला नव्हतं, आणि तुझ्या भावाचं बोटही कधी दुखलं नाही. डॉक्टरनं तुझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही कोण? तू म्हणालीस, सासू.

एवढंच. मी हातातली पळी खाली ठेवली. मी तिला विचारलं, आणि तू का बोलली नाहीस की ती तुझी आत्या आहे? माधुरी गोंधळली. इतक्या वर्षांत ती आत्या राहिलीच नव्हती. आजीचे हात तिनं पाहिले नव्हते. तिच्यापुरतं उत्तर बरोबर होतं.

त्या दिवशीच्या रक्तात काही स्पष्ट आलं नाही. काही जणांच्या बाबतीत सुरुवातीला येत नाही. डॉक्टरनं बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून कॅल्शियम दिलं, दुखण्याची गोळी दिली. माधुरी त्या गोळ्या घेत राहिली आणि तिची बोटं वाकत राहिली. शेवटी मी तिला तुझ्याच जुन्या डॉक्टरांकडे नेलं, आणि आत शिरताच सांगितलं की ही तुमच्या त्या पेशंटची भाची आहे, हिच्या आजीलाही होतं. ते म्हणाले, हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं असतं तर इतका वेळ गेला नसता. औषधं सुरू झाली. आजार थांबला. वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. ती आता खडू मुठीत धरून लिहिते.

डॉक्टरांचं ते वाक्य ऐकलं त्याच दिवशी मी तडक आसगावला आले. तू अंगणात तांदूळ निवडत होतीस. मी आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर. तू सूप खाली ठेवलं नाहीस.

"डॉक्टरनं इचारलं तुम्ही कोण, मी म्हटलं सासू," तू म्हणालीस. "खोटं काय बोलली मी?"

मी म्हटलं, अर्धंच बोललीस. तू सुपातला एक खडा उचलून टाकलास. मग हळूच म्हणालीस, "मी सांगतली असती तं पोरगी मले काय म्हणली असती, वहिनी? माह्या आत्यानंच मले मागून आणलं, अन् रोगही तिनंच देला?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं: "उद्या मित्राचं लगन निंगन. खानदानी रोग म्हटल्यावर कोण करन पोरीले?"

बेबी, मी तुला तिथेच सांगितलं होतं, पुन्हा सांगते. रोग तू दिला नाहीस. तुझ्या आईकडून काहीतरी तुझ्यात आलं, काहीतरी तुझ्या भावात आलं. त्यानं ते न दुखता वाहिलं आणि बहुधा माधुरीला दिलं. तू माधुरीला सून केली नसतीस तरी ते तिच्यात असतंच. तू आणलीस म्हणून तिला काही झालं नाही. तुला ज्याची लाज वाटत होती तो तुझा गुन्हाच नव्हता. तुझा गुन्हा दुसरा होता, आणि तो करताना तुला लाज वाटली नाही. हो, मित्रा-अनुजच्या बाबतीत लग्नाचा फरक पडतो. त्यांच्याकडे ते आईकडूनही आलेलं असू शकतं आणि बापाकडूनही. म्हणून तर त्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं.

पुढे मित्रानं तिकडे टोरांटोला एक तपासणी केली. नळीत थुंकी भरून पाठवायची, मग कंपनी तुमच्या जनुकांचा अहवाल देते. आमवाताच्या पुढे लिहून आलं, वाढीव धोका आढळला नाही. तू तो निकाल पेढे वाटल्यासारखा गावभर वाटलास. पोरीचं रक्त साफ निघालं, कॅनडाच्या मशीननं सांगितलं. मला फोन केलास तेव्हा तुझ्या आवाजात विजय होता. "घ्या, वहिनी. आता तं इंग्रजीतच लिहून आलं ना?"

मी मित्राला खालची बारीक अक्षरं वाचायला लावली. ती हसली, म्हणाली, आजी, तू अजून पेपर तपासतेस. पण वाचली तिनं. तिथे लिहिलं होतं की ही तपासणी थोड्याच खुणा बघते, आणि त्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरवलेल्या आहेत. मग मी वाचायला बसले, निवृत्त माणसाला दुसरं काम काय. मला समजलं ते असं. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराला दाखवणारी काही जनुकं असतात. त्यांतल्या एका जनुकाचे ठरावीक प्रकार अंगात असले तर या आजाराचा संभव वाढतो. पण सगळ्या जगात तोच प्रकार नाही. गोऱ्या लोकांत एक जास्त दिसतो, जपान-कोरियाकडे दुसरा, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत तिसरा, आपल्या लोकांत बऱ्याचदा आणखी वेगळा. दुसऱ्या एका जनुकातला जो बदल युरोपात महत्त्वाचा मानतात, तो आपल्याकडे जवळजवळ सापडतच नाही. तो मित्रात सापडला नाही याचा आनंद करणं म्हणजे पवनीच्या बाजारात उंट दिसला नाही म्हणून गावात जनावरच नाही असं म्हणणं.

आणि खूण सापडली तरी तो निकाल नव्हे. खूण असून जन्मभर ठणठणीत राहिलेली माणसं पुष्कळ, माझ्या घरातच एक होता. खूण नसून आजारी पडलेलीही आहेत. त्यात धूर मिळाला तर संभव आणखी वाढतो. मित्रा, तुझ्या बाल्कनीतली राखदाणी मला व्हिडिओवर दिसते. बेबीआजी ती बघून न बघितल्यासारखं करायची, मी करणार नाही.

हे सगळं मी तुला नीट समजावून सांगितलं, बेबी. तुला समजलंही, कारण तू अडाणी कधीच नव्हतीस. तू म्हणालीस, बरं, पण पोरीले खानदानाचं काही नका सांगू, तिचा जीव आता कुठं हलका झाला. मी वाद घातला. तू रडलीस. मी म्हटलं, सांगायचं तर तूच सांग, तुझ्या तोंडून आलं तर तिला लागणार नाही. तू म्हणालीस, सांगतो दिवाळीत येईल तवा. ती आली. तू अनारसे केलेस, सांगितलं काही नाहीस.

मग तुला धाप लागायला लागली. हात-पायच तर दुखतात म्हणणाऱ्या तुझ्या फुप्फुसांत तो आजार केव्हाच पोचला होता. नागपूरच्या दवाखान्यात तू ऑक्सिजनचा मास्क लावून पडली होतीस. मी शेजारी बसले होते. मास्क बाजूला करून तू म्हणालीस, "वहिनी, राग सोडा ना आता." मी म्हटलं, आधी बरी हो, मग सोडते. मला वाटलं होतं आपल्याला वेळ आहे. तू उत्तर न घेता निघून गेलीस, तेव्हा राग माझ्याकडेच राहिला. तो कुठे ठेवू हे तूच सांग.

तुझ्या मातीच्या दिवशी मित्राला यायला जमलं नाही, ती फोनवरून पाहत होती. तिकडे पहाट असावी. रडता रडता तिनं चहाचा कप उचलला तो दोन्ही तळव्यांत धरून. बोटं मिटत नव्हती तिची. तिथे एवढी माणसं, भंतेजींचं सुत्तपठण, आणि मला फक्त तो कप दिसत होता. रात्री विचारलं तर म्हणाली, थंडी आहे ग आजी इकडे, सकाळी जरा आखडतात, तासाभरात सुटतात. आणि माझा रिपोर्ट तर आहे ना.

परवा, मांडव उठल्यावर, मी तिला फोन लावला. माधुरीला शेजारी बसवलं, म्हणजे डॉक्टरांकडे जे अर्धवट कानावर पडलं होतं ते तिनंही पूर्ण ऐकावं. सगळं सांगितलं. फोटोत नसलेले हात, बंद केलेली विहीर, ती सासू, तो अर्धा शब्द. माधुरी स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. ती म्हणाली, "मी त्यांना काहीच म्हटलं नसतं ग, आई. आत्याला मी काय म्हणणार?" ऐकतेस ना, बेबी? ज्या वाक्याला तू इतकी वर्षं घाबरलीस, ते वाक्य तिच्याकडे नव्हतंच.

मित्रानं विचारलं, बेबीआजीला माहीत होतं? मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. मला वाटलं, तुझ्याबद्दलचं तिचं प्रेम मी आज मोडलं, आणि मोडायला तुझ्या मृत्यूनंतरचा मुहूर्त निवडला. तसं असेल तर तसं. बोटं मोडण्यापेक्षा ते बरं.

आज सकाळी तिचा फोन आला. गुरुवारी सांध्यांच्या डॉक्टरकडे वेळ मिळाली आहे. तिकडे आधीच विचारतात, कुटुंबात कोणाला. काय सांगायचं ते तिनं मला म्हणून दाखवलं. माझी आई. माझ्या वडिलांची आई, जी माझ्या आईची सख्खी आत्या होती. त्या दोघींच्याही मागे, आत्याची आई. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, शाबास, एवढं पुरे.

मग तिनं विचारलं, आजी, नावं पण सांगू का?

मी म्हटलं, नावं लागत नाहीत ग त्यांना, नातं लागतं.

"मी तरी सांगणार आहे," ती म्हणाली. "बेबीआजीचं तर नक्की सांगणार. तिनं नाही सांगितलं ना."

मी तिला अडवलं नाही.